बारा रुपयांचा चिरूट आणि फिल्टर कॉफी: प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२४, रविवार

नोंदी लिहायला आजपासून सुरुवात, कारण डोक्यात ठेवलं की पंधरा दिवसांनी सगळं एकमेकांत मिसळतं. काम साधं आहे. इथे तिरुचिरापल्लीत मिळणारा हाताने वळलेला स्वस्त चिरूट आणि घरची फिल्टर कॉफी यांची जोडी नीट जमवायची. महिन्याचं बजेट पाचशे रुपये, कॉफी धरून.

हे का करतोय ते पण लिहून ठेवतो. मी निपाणीचा. आमच्याकडे तंबाखू म्हणजे विडीची तंबाखू, आजोबा वखारीत होते, बाबांनी तीस वर्षं तिथेच मालाची प्रत बघायचं काम केलं, त्यामुळे पानाचा वास मला दुधाच्या वासाइतका ओळखीचा आहे, पण घरात चिरूट कधी कुणी ओढला नाही. नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी इथे आलो आणि कळलं की आपण मराठीत लहानपणापासून चिरूट म्हणतो तो शब्द मुळात तमिळ, सुरुट्टू, म्हणजे गुंडाळलेलं, मग पोर्तुगीज, इंग्रज असं फिरत फिरत आपल्याकडे आला. ज्या भाषेतून तो निघाला ती आता रोज कानावर पडते. तेव्हापासून हे करायचं मनात होतं.

नियम: रविवारी एकच. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. गच्चीवरच, आणि मुलगी डान्स क्लासला असतानाच. छातीत घेतला नाही म्हणून हा प्रकार सुरक्षित होत नाही हे मला नीट माहीत आहे, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका राहतोच, निकोटिन तोंडातूनही रक्तात जातं. म्हणून आठवड्याला एकच्या वर जायचं नाही आणि वर्षअखेरीस डेंटिस्टकडून तोंड तपासून घ्यायचं. हे बायकोला कबूल केलंय.

आज उरैयूरला जाऊन माल आणला. हे शहरातलंच जुनं गाव, चोळांची जुनी राजधानी, आता गल्ल्यांमध्ये घराघरात वळायचं काम चालतं, पूर्वी खूप चालायचं आता कमी झालंय असं सगळेच सांगतात. ऑफिसमधला एक जण घेऊन गेला. एक आजी ओट्यावर बसून वळत होत्या, मांडीवर लाकडी फळी, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, एक पान पसरायचं, त्यात तुकडे भरायचे, तळहाताने एक फिरकी आणि मग बाहेरचं पान तिरकं गुंडाळत न्यायचं. मी "अय्यो, इतकं भरभर" म्हटलं तर म्हणाल्या, "तंबी, हाताला माहीत असतं." बारा रुपयाला एक, पंचवीसची जुडी, तीनशे रुपये.

१४ जुलै, रविवार

पहिला. वाईट.

इथल्या पारंपरिक चिरुटाला दोन्ही टोकं उघडी असतात, सिगारसारखं एक टोक बंद नसतं, त्यामुळे कटर लागत नाही, तो खर्च वाचला. पेटवायला साध्या काड्या. गंधक जळून जाईपर्यंत थांबायचं आणि मग ज्वाळा न टेकवता टोक शेकायचं हे वाचलेलं होतं, पण गच्चीवर काडीच टिकेना. सध्या आडी महिना लागतोय, इथे म्हण आहे की आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, म्हणजे पाटा-वरवंट्यातला पाटा, आणि खरंच तसा वारा आहे. सात काड्या गेल्या. पेटला तो एका बाजूने, होडीसारखा, एक कड पुढे पळत गेली आणि दुसरी तशीच काळी. वारा लागला की निखारा तापतो आणि तापला की धूर कडू येतो. चार झुरक्यांत जीभ सोलल्यासारखी झाली. वास पण अमोनियाचा, गोठ्यात येतो तसा. अर्ध्यावर टाकला.

कॉफी चांगली होती, पण तिचं काही लागलंच नाही.

तीन शंका लिहून ठेवतो: वारा, ओलावा, माझी घाई. एका वेळी एकच बदलायचं.

१७ जुलै, बुधवार

डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजायचा मीटर, आला. त्याच्यावर एकदम विश्वास ठेवायचा नाही म्हणून मिठाची टेस्ट लावली. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात थोडे थेंब पाणी, नुसतं चिखलासारखं व्हावं इतपतच, विरघळू द्यायचं नाही, मग मीटर आणि झाकण दोन्ही झिपच्या पिशवीत बंद. बंद हवेत ओल्या मिठाच्या वर आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते, मीठ मात्र खायचं साधं पाहिजे, गाव कुठलंही. म्हणून ही टेस्ट आवडली, फुकट आहे आणि खोटं बोलत नाही.

१८ जुलै

बारा तासांनी मीटर ७० दाखवतोय. म्हणजे दर वेळी पाच मिळवायचे. मीटरच्या पाठीवर मार्करने "+५" लिहून टाकलं.

२१ जुलै, रविवार

आज ओढला नाही. चिरूट तीन लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घातले, लाडवांचा डबा होता, गरम पाण्याने दोनदा धुऊन दोन दिवस उन्हात ठेवला कारण प्लास्टिकला तुपाचा वास राहतो. डब्यात मीटर ठेवून संध्याकाळी बघितलं तर ७४, म्हणजे खरे ७९. हे फार झालं. माल ताजा वळलेला, पानं ओली करूनच वळतात, ते पाणी अजून आतच आहे. चांगल्या सिगारला ६५ ते ७० म्हणतात. ओला चिरूट नीट जळत नाही, विझतो, मग आपण जोरात ओढतो, मग तापतो, मग कडू. रविवारचं कोडं बहुतेक इथेच सुटतंय.

रोज संध्याकाळी तीन तास झाकण उघडं ठेवायचं ठरवलं. एकदम सुकवला तर बाहेरचं पान तडकतं. ६५ टक्क्यांची आर्द्रतेची पुडी मागवली, ती जास्तीचा ओलावा ओढून घेते आणि कमी पडला तर सोडते. याच्यासाठी दोनशे गेले पण काही महिने चालेल.

२८ जुलै, रविवार

दुसरा. डबा खरे ७३. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसलो. काडी दुसऱ्यालाच लागली. पहिल्यापेक्षा बरा, पण नाकात अजून अमोनिया. बाबांना फोन केला तर म्हणाले पान पुरतं मुरलेलं नाही, वखारीत ढीग लावून पान मुरवतात ते त्याच्यासाठीच, आतून गरम होतं आणि तो वास निघून जातो, तुझ्याकडे जे आहे त्याला आता फक्त वेळ दे. मग विचारलं, "ओढतोस का रे?" मी हो म्हटलं. थोडं थांबून म्हणाले, "जपून."

३ ऑगस्ट, शनिवार

आडी पेरुक्कू, आडीचा अठरावा दिवस, नदीला नवं पाणी येतं त्याचा सण. यंदा मेट्टूर धरण ३० जुलैला १२० फुटांना भरलं त्यामुळे कावेरी अशी दुथडी वाहतेय की बघत राहावं. श्रीरंगमच्या अम्मा मंडपम घाटावर सगळ्यांबरोबर गेलो, पोलिसांनी दोर लावलेले, बायका हळद-कुंकू, फुलं, पिवळा दोरा घेऊन आलेल्या, बायकोने पण ओटी भरली, म्हणाली हे आपल्या नदीच्या ओटीसारखंच आहे की. चिरूट खिशात नव्हता आणि नसावाच, सार्वजनिक जागी ओढायला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे आणि घाटावर तर कुणाला सुचूही नये. येताना रस्त्यावरच्या दुकानात उभ्याने कॉफी घेतली, पितळेचा दवरा आणि टंबलर, म्हणजे वाटी आणि पेला, दुकानदाराने हात डोक्याच्या वर नेऊन ओतली तेव्हा फेस आला. ही कॉफी नोंदीत यासाठी की तिचा गोडवा साखरेचा कमी आणि दुधाचा जास्त होता. हे पुढे उपयोगी पडेल असं वाटतंय.

११ ऑगस्ट, रविवार

तिसरा, काळ्या कॉफीबरोबर. नेटवर सगळीकडे सांगतात की सिगारबरोबर काळी कॉफी, एस्प्रेसो, बिनसाखरेची. करून बघितलं. कडूवर कडू. दोन्ही एकमेकांशी भांडत होते आणि मी मध्ये.

माझं मत असं झालंय की तो सल्ला ज्या सिगारसाठी आहे तो क्युबा, निकाराग्वा, डॉमिनिकन रिपब्लिकचा माल, वर्ष-दोन वर्षं मुरवलेला, मऊ, स्वतःचाच गोडवा असलेला. बारा रुपयाच्या आपल्या चिरुटात तो गोडवा नाही, त्यात मिरी आहे, माती आहे, जळलेल्या गुळासारखं काहीतरी आहे आणि भरपूर ताकद आहे. त्याला दुसरीकडून गोडवा आणून द्यावा लागतो. दूध पाहिजे. इथल्या लोकांनी दुधाच्या कॉफीबरोबर सुरुट्टू ओढला असेल तर उगाच नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. कॉफीच्या दुकानात तासभर गेला. इथे दुकानात शिरलं की आधी भाजण्याचा वास येतो, मग विचारतात काय दळू. पीबेरी, म्हणजे फळात दोन ऐवजी एकच गोल बी असते ती. प्लँटेशन ए, म्हणजे धुतलेली अरेबिका, मोठा दाणा. आणि रोबस्टा, स्वस्त, कडवट, फेसाळ. त्यात चिकोरी किती ते आपण सांगायचं. चिकोरी ही कॉफी नाहीच, एका झाडाचं मूळ भाजून दळलेलं, पण डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या कॉफीच्या अर्काला, रंग, घट्टपणा आणि एक करपट गोडी देते.

शंभर-शंभर ग्रॅमच्या तीन पुड्या घेतल्या, तिन्हींत पीबेरी आणि रोबस्टा अर्धी अर्धी, फक्त चिकोरी वेगळी: १० टक्के, २० टक्के, ३५ टक्के. दुकानदार म्हणाला ३५ कशाला सार, मी म्हटलं प्रयोग आहे. त्याने पुड्यांवर पेन्सिलने आकडे लिहून दिले.

२५ ऑगस्ट, रविवार

गेल्या रविवारी चौथा १० टक्क्यांबरोबर, आज पाचवा २० टक्क्यांबरोबर. दहावाली कॉफी म्हणून सगळ्यात छान, फळाचा आंबूसपणा कळतो, पण चिरुटाचा दुसरा झुरका घेतला की ती पाण्यासारखी लागते, पुसलीच जाते. वीसवाली टिकते. चौथा चिरूट मात्र मधूनच कडू झाला, ओढायला पण घट्ट, गालफडं दुखली. डबा तोच, वारा नव्हता, घाई नव्हती. पाचवा चांगला. मग चौथ्याला काय झालं होतं?

१ सप्टेंबर, रविवार

सहावा. आज जमलं. सगळं लिहितो.

डबा खरे ६६, तीन आठवडे स्थिर. अमोनियाचा वास जवळपास गेला, डबा उघडला की आता मनुका आणि सुक्या चाऱ्याचा वास येतो.

फिल्टरमध्ये वरच्या भांड्यात वीस टक्केवाली तीन मोठे चमचे, चकतीने हलकेच दाबली, जोरात दाबली की पाणी उतरतच नाही, आणि उकळी बसल्यावर मिनिटभराने पाणी ओतलं. पाणी ओतून झाकण लावलं आणि मग गच्चीवर जाऊन जागा झाडली, खुर्ची लावली, वीस मिनिटं. खाली आलो तर डिकॉक्शन मधासारखं. दूध बिनसायीचं, एकदाच उकळलेलं, दोन भाग डिकॉक्शनला तीन भाग दूध, साखर एक चमचा. आधी कॉफीचे दोन घोट, मग पेटवला.

टोक शेकायला पूर्ण मिनिट दिलं, चिरूट बोटांत फिरवत, काडी टोकाच्या खाली, अंतर ठेवून. कडेची गोल राख आधी करडी झाली मग पहिला झुरका. त्यानंतर मिनिटाला एक, मोबाइलवर टायमर लावला होता, पण पंधरा मिनिटांनी टायमरची गरज राहिली नाही, हाताने आपोआप ती लय धरली. पहिला तिसरा भाग: मिरी, जिभेच्या टोकाला. कॉफीचा घोट घेतला की मिरी मागे जाते आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखी चव वर येते, हे मला आधी कधीच मिळालं नव्हतं, मी चक्क डोळे मिटून बसलो. मधला भाग सगळ्यात छान, कॉफी कोमट झाली होती आणि गोडी जास्त कळत होती. गरम कॉफीपेक्षा कोमट कॉफी चिरुटाला जास्त चालते, हे पक्कं लिहून ठेवतो. राख बोटाच्या पेराएवढी टिकली, झटकली नाही, आपोआप पडू दिली. शेवटचा तिसरा भाग कडक होत जातो, सगळा रस तिकडे जमतो, म्हणून तिथे थांबलो, ओढत बसलो नाही. एकूण ४२ मिनिटं. विझवायचा नाही दाबून, तसाच ठेवला की स्वतःच विझतो आणि वास कमी येतो.

खाली शेजारच्या मामींच्या घरी विष्णुसहस्रनाम लागलं होतं. आठ वाजले होते. दोन रुपयांच्या काड्या, बारा रुपयांचा चिरूट, कॉफीचे असतील पंधरा. एवढ्यात इतकी चांगली सकाळ मिळते याचा मला खराखुरा आनंद झाला.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले, घरात मूर्ती आहे, चिरूट नाही. आईचा फोन. बाबांनी सांगितलेलं दिसतंय. ओरडली नाही. म्हणाली, "आजोबांचा खोकला तुला आठवत नाही, तू लहान होतास. वखारीतली धूळ छातीत बसली होती, रात्रभर खोकायचे. एकही विडी ओढली नव्हती त्यांनी जन्मात." मी रविवारचा नियम सांगितला. म्हणाली, "नियम पाळतोस ना, मग पाळ. आणि ती कॉफी जायफळ घालून करून बघ, तिकडची नुसती कडू असते."

हे फोन ठेवल्यावर बराच वेळ डोक्यात राहिलं. उरैयूरच्या आजींच्या ओट्यावर पण तीच धूळ आहे. पुढच्या वेळी गेलो तर त्यांना तोंडाला बांधायला काही देता येईल का बघतो.

१५ सप्टेंबर, रविवार

सातवा, आईची जायफळाची कॉफी. दुधातच उकळलेली, वेलची आणि जायफळ, डिकॉक्शन वरून. कॉफी अप्रतिम, घर निपाणीसारखं वासाने भरलं, पण या चिरुटाबरोबर नाही जमलं. जायफळ आणि चिरुटाची मिरी दोन्ही एकाच जागी जाऊन बसतात, दोघांपैकी एकच कळतो. सौम्य माल मिळाला तर परत ट्राय करायचं.

२२ सप्टेंबर, रविवार

शुक्रवारी कामाने दिंडिगलला जावं लागलं, वाटेत मणप्पारैचा मुरुक्कू, म्हणजे इकडची चकली, घेतला तो परतेपर्यंत संपला. दिंडिगल म्हणजे कुलुपं आणि तंबाखू. इंग्रजांच्या काळात स्पेन्सर कंपनीचे सिगार इथून जायचे, चर्चिलना इथलेच लागायचे असं चहावाल्यापासून साहेबापर्यंत प्रत्येक जण सांगतो. जवळच वेडसंदूरला तंबाखूचं सरकारी संशोधन केंद्र १९४८ पासून आहे, तेच मुळी सिगार आणि चिरुटाच्या पानासाठी काढलेलं. इथलं भरणाचं जुनं पान ऊसिकप्पल नावाचं. आणि वरून गुंडाळायचं पातळ, लवचीक पान पार बंगालमधून, कूचबिहारकडच्या दिनहाट्यातून घेतात असं माहितगार सांगतात. म्हणजे एका सिगारमध्ये आत दक्षिणेचं पान आणि अंगावर उत्तरेचं.

तीस रुपयाला एक घेतला, एकच, बंद टोकाचा, सौम्य. आज जायफळाच्या कॉफीबरोबर ओढला. आई बरोबर होती! सौम्य धुराला जायफळ एकदम धरून राहतं, शेवटी तोंडात बासुंदीसारखी चव. पण तीस रुपये म्हणजे माझ्या हिशोबात सणासुदीचा माल.

६ ऑक्टोबर, रविवार

नववा. ३५ टक्के चिकोरी. दुकानदार म्हणाला होता ते खरं, नुसती प्यायला जड. चिरुटाबरोबर ठीक, पण वीसचं काही करू शकत नाही. २० फायनल.

गेल्या रविवारचा आठवा परत घट्ट आणि कडू. नऊपैकी चार वाईट, त्यातला पहिला वाऱ्याचा आणि तिसरा काळ्या कॉफीचा म्हणून सोडला तरी चौथा आणि आठवा उरतात, आणि त्या दोघांचं कारण माझ्याकडे नाही. एकाच जुडीतले, एकाच डब्यातले.

१३ ऑक्टोबर, रविवार

डबा उघडला तर दोन चिरुटांना टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं, खाली बारीक पूड. किडा. तंबाखूचा भुंगा, दोन-तीन मिलिमीटरचा, लालसर तपकिरी, वखारीत सगळ्यांच्या ओळखीचा. अंडी पानातच असतात, ऊब मिळाली की फुटतात, आणि इथे घरात सप्टेंबरमध्येही ३२ अंश होतं. हे मला सुरुवातीला सुचायला हवं होतं. निपाणीचा माणूस असून सुचलं नाही याचं वाईट वाटलं.

दोन टाकून दिले. बाकी चौदा दुहेरी झिप पिशवीत, हवा काढून, फ्रीजरमध्ये. तीन दिवस. मग एक दिवस खालच्या फ्रीजमध्ये, मग डब्यात. एकदम बाहेर काढलं तर पाणी सुटतं आणि पान फाटतं. डबा व्हिनेगरने पुसला.

२० ऑक्टोबर

परत डब्यात. दोन आठवडे हात लावायचा नाही. फ्रीजरच्या मटारला तंबाखूचा वास नाही, बायकोने दोनदा हुंगून बघितला.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. दहावा. एक वेगळी कॉफी आणली, मॉन्सून्ड मलबार, पाव किलो, बजेट मोडून, दिवाळीचं म्हणून. हिची गोष्ट मला फार आवडते. शिडाच्या जहाजांच्या काळात इथली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची, महिनोन्‌महिने समुद्राची दमट हवा खाऊन दाणा फुगायचा, हिरव्याचा फिकट पिवळा व्हायचा, आंबटपणा जायचा. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, प्रवास लहान झाला, आणि तिकडच्या लोकांना ताजी कॉफी आवडेना, त्यांना ती मुरलेलीच पाहिजे. मग मंगळूरकडे किनाऱ्यावर उघड्या वखारींमध्ये पावसाळाभर दाणे पसरून, उलथेपालथे करून तीच हवा द्यायला लागले. म्हणजे कॉफीची पण वखार, कॉफीचं पण मुरवणं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते पाच मिनिटं प्रश्नच विचारत होते, थर किती जाड, किती दिवसांनी फिरवतात.

चिरुटाबरोबर सुंदर. आंबटपणा नाहीच, मातीचा आणि मसाल्याचा वास, आणि दूध कमी घातलं तरी भांडत नाही. रोजची नाही परवडणार. पण दुकानातल्या वीस टक्केवालीत ही चौथा हिस्सा मिसळली तर? पुढच्या तीन रविवारी करतो.

१ डिसेंबर, रविवार

काल फेंजल वादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं, इथे कालपासून पाऊस. गच्चीच्या जिन्यातल्या छपराखाली बसून चौदावा. डबा खरे ६८, पुडी काम करतेय. मिसळलेली कॉफी आता कायमची ठरली. पावसात वारा पडलेला, धूर छपराखालीच रेंगाळला, अर्धा तास कुणीच वर आलं नाही.

हिशोब: पंचवीसपैकी चौदा ओढले, दोन किड्यांनी खाल्ले, नऊ शिल्लक. चौदापैकी पाच वाईट. आजचा चांगला, पण गेल्या रविवारचा तेरावा परत तसाच, घट्ट, अर्ध्यावर गरम, कडू. चौथा, आठवा, तेरावा. हे तिन्ही वाऱ्यात, ओलाव्यात, कॉफीत कशातच बसत नाहीत. मी करायचं ते सगळं केलंय, आता जे आहे ते आत आहे.

डेंटिस्टकडे जाऊन आलो, तोंड स्वच्छ आहे. सहा महिन्यांनी परत या म्हणाले.

२२ डिसेंबर, रविवार, निपाणी

चार चिरूट आणि पाव किलो मिसळलेली कॉफी घेऊन आलोय. थंडी मस्त आहे. घराच्या मागच्या शेतात तंबाखू उभी, शेंडे खुडून झालेत, पानं रुंद झालीत. बाबा सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आईने माझ्या कॉफीत पण जायफळ घातलंच.

बाबांच्या हातात एक चिरूट दिला. त्यांनी आधी हुंगला, मग कानाजवळ धरून दोन बोटांत दाबला, मग म्हणाले, "उकलू का?" मी हो म्हटलं. परातीत ठेवून नखाने बाहेरच्या पानाची कड सोडवली आणि उलट्या दिशेने सगळा उलगडला, आजींनी वळला त्याच्या दुप्पट वेळ घेऊन. आतली पानं एकेक करून वेगळी लावली. हे तळपान, पातळ, सौम्य. हे वरचं, जाड, उन्हातलं, कडक. तिसरं पण वरचं. "चव बदलते ती याच्यामुळे, वळणाऱ्याच्या हाताला जे लागलं ते त्यात जातं." मग एका पानाच्या मधोमध बोट फिरवलं आणि मला फिरवायला लावलं. शीर. आगपेटीच्या काडीएवढी जाड, काढलेलीच नाही. "ही आतमध्ये आडवी आली की हवा अडते. तू जोरात ओढणार. आणि शीर पानापेक्षा गरम जळते. तुझा चौथा नि आठवा नि कुठला तो, हेच असणार."

बाकीचे तीन त्यांनी न उकलता, नुसते दोन बोटांत लोळवून बघितले, एक बाजूला काढला. "यात आहे." मी तो चाकूने मधोमध उभा चिरला. होती.

उरलेल्या दोनपैकी एक मी मागच्या शेताच्या बांधावर ओढला, जायफळाच्याच कॉफीबरोबर, मिरी-जायफळाचं भांडण होतंच पण आज चाललं. बाबा माझ्यापासून पाच हात लांब, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसले, नुसती कॉफी घेऊन. दोन बोटांत लोळवून शीर ओळखायची कशी ते त्यांनी तीनदा दाखवलं, मला अजून नीट जमत नाही. जाताना म्हणाले पुढच्या खेपेला वळलेले आणू नकोस, आजींकडून न वळलेली पानं आण अर्धा किलो, शिरा आपण काढू.

आजींना विचारायचं आहे: पानं सुटी देतील का, आणि शीर काढून वळले तर एका चिरुटाचे किती घेतील.